बाण कुणीकडे धावत होते

१

दोन्या तोमासा सापडली ती तिच्या स्वतःच्याच खाटेवर. खाट मात्र जागची हलली होती. पाण्याने ती उचलून दाराशी नेऊन टेकवली होती, आणि म्हातारीची बोटं दाराच्या कडीत अडकलेली होती. कडी तिने काढली होती. पण दार आत उघडणारं, आणि त्याला टेकली होती तिचीच खाट.

एल बाहो ही पुएर्तो रोसेंदोची सगळ्यात खालची वस्ती. पराना नदी फुगली की बांधापलीकडचं पाणी घरांच्या खिडक्यांच्या वर असतं, आणि बांधाअलीकडे लोक जेवतात, भांडतात, दुपारची झोप काढतात. सगळा भरवसा बांधावरच्या पंपघरावर. गावभरचं पावसाचं पाणी उतरून एल बाहोत येतं आणि पंप ते उपसून नदीत फेकतो. त्या दुपारी, बाहेर धो धो कोसळत असताना आणि वस्ती झोपलेली असताना, पंप थांबला.

बिघडला नव्हता. कुणीतरी बटण दाबून तो थांबवला होता.

कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाउएल ओहेदा, पंपघरातला तरुण ऑपरेटर. त्यानेच तसं सांगितलं होतं. सरकारी वकिलाच्या कचेरीतून इर्मा इन्साउराल्दे तपासाला आली तेव्हा तिच्या वरिष्ठांनी हातात जवळजवळ तयार अहवालच ठेवला होता. "पोरगा झोपला होता किंवा प्यायला होता, दोन्हीतलं काय ते बघा आणि सही करा. नदी पुन्हा चढतेय. गावाला शांत करायला हवं."

इर्माला मुळात एका जागी बसवत नसे. पन्नाशी उलटली तरी खुर्चीवर टेकली की तिचा पाय हलायला लागे. पुएर्तो रोसेंदोत उतरल्यापासून तर तिला उभंही राहवेना. बांधावर सगळीकडे माणसं वाळूची पोती रचत होती, दर थोड्या वेळाने कुणीतरी जाऊन नदीतल्या खुणेच्या खांबाकडे बघून येत होतं आणि मान हलवत होतं. वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला होता. दुसरा लोंढा वाटेत होता.

नाउएलच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी चिखलाचे गोळे मारले होते, आणि चिखलानेच लिहिलं होतं: डोळे आहेत की सदऱ्याची बटणं.

२

"झोपला होतास?"

"नाही, बाई."

"प्यायला होतास?"

"तेरेरे. थंड पाल्याचा चहा. स्वयंपाकघरातल्या रुफिना मावशीने करून ठेवलेला." नाउएलने हात मांडीखाली दाबून धरले होते. "मी बघत होतो. तेच तर झालं. बघत नसतो तर बरं झालं असतं."

"काय बघितलंस?"

त्याने डोळे मिटले. "पडद्यावर मोठा पाइप काढलेला आहे. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला नदी. पाइपात पिवळे बाण. पाणी बाहेर जात असलं की बाण नदीकडे सरकतात. नेहमी तसेच सरकतात. त्या दिवशी आधी ते जोरात पळायला लागले. मग एकदम काय झालं कळलं नाही, आणि बाण उलटे फिरले. नदीकडून वस्तीकडे. हळूहळू. मुंग्यांची रांग बिळात परत जाते ना, तसे."

"मग?"

"मग नियम आहे. बाण आत येताना दिसले तर नदी पाइपातून गावात घुसतेय. पंप बंद करायचा, झडप टाकायची, वाट बघायची नाही. मी तेच केलं."

"आकडे? पडद्यावर आकडे नसतात?"

"पाण्याचा आकडा होता. खूप मोठा." तो कडवट हसला. "जुन्या तबकडीचा काटा मधल्या शून्याच्या डावीउजवीकडे जायचा. नवा पडदा लावला तेव्हा म्हणाले, आता बाण आहेत, शेंबडं पोरही सांगेल पाणी कुणीकडे चाललंय. आकडा फक्त किती ते सांगतो. मला वाटलं, एवढी नदी आत येतेय."

"बाहेर जाऊन पाइपाचं नदीकडचं तोंड का नाही बघितलंस?"

"ते बांधापलीकडे आहे. आणि पडद्यासमोरचा माणूस एकटा असेल तर त्याने जागा सोडायची नाही."

इर्मा येरझाऱ्या घालायची थांबली. "एकटा होतास?"

"एकटाच होतो."

"तुझे मुख्य, डॉन ओविदियो, म्हणतात, ते तुझ्या पाठीशी उभे होते."

नाउएलने तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला नव्हता, आणि तेच इर्माला जास्त लागलं. "ते म्हणत असतील तर असतील," तो म्हणाला. "बाई, कॉम्प्युटरातली नोंद सांगते की पाणी सारा वेळ बाहेरच जात होतं. म्हणजे माझ्या डोळ्यांनी मला फसवलं. मग माझ्या पाठीशी माणूस होता की नव्हता, हे तरी मी कुठल्या तोंडाने सांगू? आता मी रस्ता ओलांडतानासुद्धा दुसरा कोणी आधी जातोय का ते बघतो."

३

ओविदियो लेस्कानो पाळीचा मुख्य होता. धिप्पाड, पिकल्या मिशांचा, आणि सध्या गावाचा लाडका. पंप थांबलेला त्यानेच पुन्हा सुरू केला होता. तो नसता तर शाळेपर्यंत पाणी गेलं असतं, असं पोती रचणारे लोक इर्माला आपणहून सांगत होते.

"पोरगा वाईट नाही, दोक्तोरा," ओविदियो म्हणाला.

"मी वकील नाही, दोक्तोरा कशाला? इर्मा म्हणा."

"बरं, सेन्योरा इर्मा. पण घाबरट. पावसाचा जोर वाढला तसा मी खाली पंपाशी गेलो आणि हातचाकाने वेग वाढवला. जुना पंप आहे, एवढा वेग त्याला कित्येक वर्षांत दिला नव्हता. पण इलाज नव्हता. मग वर आलो. पोरगा पडद्यासमोर, मी मागे कपाटाशी."

"आणि बाण?"

"नदीकडे. सुसाट. सेन्योरा, डोळ्याला दिसत नव्हते इतके जोरात नदीकडे पळत होते. मी म्हटलं, 'छान चाललंय, हात लावू नकोस.' आणि हा वळला, बटण दाबलं. मला पुढे होऊन हात धरायलाही वेळ मिळाला नाही."

"मग तुम्ही लगेच पंप का नाही सुरू केलात?"

"झडप पडली की वर घ्यायला वेळ लागतो. मी पंपघरात धावलो." त्याने मिशीवरून हात फिरवला. "बाकी नोंदीत आहेच सगळं. मशीन खोटं बोलत नाही."

खरंच, नोंद त्याच्याच बाजूने होती. वेग वाढवला तो खालच्या हातचाकाने. पाणी सारा वेळ बाहेरच गेलं. थांबवण्याचा हुकूम आला वरून, नाउएलच्या बटणावरून. पंप पुन्हा सुरू झाला तो बऱ्याच वेळाने. फक्त कोण कुठे उभं होतं, हे नोंदीत नव्हतं.

इर्माने पंपघराच्या स्वयंपाकघरात जाऊन रुफिनाला गाठलं. चिपा पावांच्या तव्यापाशी ती घामाने निथळत उभी होती.

"मी गेले होते हो वर, पाव घेऊन," रुफिना म्हणाली. "दार आतून लावलेलं, ओले पाय घेऊन कुणी येऊ नये म्हणून. काचेतून बघितलं, पोराची पाठ दिसली आणि पडदा दिसला. ठोकलं, त्याला पावसात ऐकू गेलं नाही. पाव उंबऱ्याशी ठेवून परत आले."

"डॉन ओविदियो होते आत?"

"कपाट त्या काचेतून दिसत नाही. उगाच कुणाच्या नावाने शपथ घेऊ?"

"पडद्यावर बाण कुणीकडे चालले होते?"

रुफिनाने पाव उलटला. "तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"कुणीकडेच नाही. एका जागी थरथरत होते. ताप भरलेल्या माणसासारखे. नदीकडे म्हणावं तर नदीकडे, वस्तीकडे म्हणावं तर वस्तीकडे."

इर्मा हसली नाही. एकच पडदा, एकच दुपार, तीन माणसं. एकाला बाण आत येताना दिसले, एकाला बाहेर जाताना, आणि तिसरीला जागच्या जागी. तिघांपैकी कुणीही अडखळत बोललं नव्हतं.

४

पूरग्रस्तांना शाळेत ठेवलं होतं. दोन्या तोमासाची मुलगी ग्लादिस वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. आई झोपली म्हणून ती वरच्या गावात औषध आणायला गेली होती, आणि परत येईपर्यंत गल्ली पाण्याखाली गेली होती.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "त्या पोराने मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मग मी कुणावर रागवू?"

 इर्मा उठली आणि वर्गात फिरू लागली. लोकांपाशी जे होतं ते ओलं होतं: ओल्या गाद्या, फुगलेले फोटो, चिखलाचे बूट. फक्त एका बाकामागे कोरडी गादी होती, तिच्यावर टीव्ही, बाजूला शिवणयंत्र, आणि कुंडीत हिरवीगार नेच्याची रोपटी. शिवणयंत्रापाशी एक बाई मान खाली घालून बसली होती.

"तुमचं नाव?"

"नोर्मा."

"घर कुठे?"

"एल बाहोत." थोडं थांबून ती म्हणाली, "दोन्या तोमासाच्या शेजारी. भिंतीला भिंत."

"तुमचं सामान कोरडं राहिलं, नशीब म्हणायचं."

"हो. चुलत भावाकडे छोटा ट्रक आहे. तो... अगदी ऐन वेळी आला."

"पाणी यायच्या आधी?"

"जरा आधी."

"त्याला कसं कळलं?"

नोर्माने कुंडीतलं एक पान खुडलं आणि बोटांत चुरगाळलं. "पाऊस होता ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र खरं होतं.

बाहेर पडता पडता इर्माने ग्लादिसला विचारलं, नोर्माचं माहेरचं आडनाव काय.

"लेस्कानो," ग्लादिस म्हणाली. "डॉन ओविदियोची धाकटी बहीण. का हो?"

५

बहिणीचं सामान कोरडं राहिलं म्हणजे भावाने गुन्हा केला असं होत नाही. ओविदियो म्हणाला असता, चुलत भावालाच मी फोन केला होता. चुलत भावानेही मान डोलावली असती. गावात सगळेच एकमेकांचे चुलत भाऊ.

इर्मा बांधावर फेऱ्या मारत होती. फोनवर वरिष्ठ बोलत होते. "अहो, ऑपरेटरने कबूल केलंय. नोंद आहे. मुख्य साक्षीदार आहे. आता तुम्हाला पडद्यावरच्या बाणांचं काय पडलंय?"

"तिघांनी तीन दिशा सांगितल्या, साहेब."

"मग दोघं चुकले."

ती बोलता बोलता चालत होती, वळत होती, पुन्हा चालत होती. बांधावर माणसांची लांब रांग होती आणि हातोहात वाळूची पोती सरकत होती. इर्मा वळली की रांग दिसे. पाठ फिरवली की दिसेनाशी होई. पुन्हा वळली, पुन्हा रांग. प्रत्येकाच्या हातात एक पोतं, जसं मघाशी होतं तसंच. तिसऱ्यांदा वळली तेव्हा ती मध्येच थांबली. फोनमधला आवाज चालू होता, तो तिने ऐकणं सोडून दिलं.

पोती सगळी सारखी. प्रत्येक वेळी प्रत्येकाच्या हातात एक. मध्यंतरी ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, पण ते तिने बघितलंच नव्हतं. नुसत्या या तीन नजरांवरून कुणी शपथेवर विचारलं असतं, पोती ट्रककडून बांधाकडे चाललीत की बांधाकडून ट्रककडे, तर तिने काय सांगितलं असतं? काहीच हलत नाहीये, असंच.

"साहेब, मी नंतर बोलते," ती म्हणाली आणि तिने दुसरा नंबर लावला.

पडदा बनवणारी इंजिनिअर मारियेला ब्रुस्सा राजधानीत राहत होती. इर्माने तिला आधीही एकदा फोन केला होता, तेव्हा तिने तुटकपणे सांगितलं होतं की बाण थेट पाण्याच्या मापावर चालतात, त्यात चूक असूच शकत नाही.

"तुमचे बाण सतत सरकतात का?" इर्माने विचारलं. "की चित्र काढायचं, थांबायचं, पुन्हा काढायचं, असं आहे?"

"चित्रच बदलत राहतं. सगळ्याच पडद्यांवर तसं असतं. भराभर बदललं की डोळ्याला ते सरकल्यासारखं वाटतं."

"तुमचं भराभर बदलतं?"

"तिथला कॉम्प्युटर जुना आहे. त्याला झेपेना. म्हणून मी चित्र जरा सावकाश बदलायला लावलं. पण नेहमीच्या वेगाला काही फरक पडत नाही, मी स्वतः तपासलंय."

"नेहमीच्या वेगाला. आणि पंप त्याहून खूप जोरात चालला तर? एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत बाण जवळजवळ पुढच्या बाणाच्या जागेपर्यंत पोचला तर?"

पलीकडे गाडीच्या किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.

"मी निघते," मारियेला शेवटी म्हणाली. "गाडीने येते. तोवर पडद्याला कुणी हात लावू नका."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोल रूममध्ये पाच माणसं होती. नाउएल दाराशी, आत यायला कचरत. रुफिना तेरेरेचा पेला धरून. ओविदियो हाताची घडी घालून. मारियेला ब्रुस्सा, रात्रभर न झोपल्यासारखी, आणि इर्मा, जी काही केल्या बसत नव्हती.

"डॉन ओविदियो," इर्मा म्हणाली, "तुम्ही काय बघितलंत ते यांच्यासमोर पुन्हा सांगाल?"

"किती वेळा सांगू? बाण नदीकडे पळत होते. सुसाट."

"पंप थांबेपर्यंत?"

"थांबेपर्यंत."

"उलटे फिरले नाहीत? थरथरले नाहीत?"

"सेन्योरा, मला चष्मा लागत नाही."

"या पडद्यावर गेलेल्या दिवसाची नोंद पुन्हा चालवता येते," इर्मा म्हणाली. "तीच मापं, तेच बाण. सेन्योरा ब्रुस्सा, त्या दिवसापासून पडद्यात काही बदललंय?"

"काहीही नाही. मी तपासलंय."

"चालवा."

पिवळे बाण पाइपातून नदीकडे सरकू लागले, शहाण्या मुलांसारखे रांगेत. कोपऱ्यातला वेगाचा आकडा चढू लागला. बाण पळू लागले. आकडा आणखी चढला, आणि पळता पळता बाण गोंधळले. ना पुढे, ना मागे; जागच्या जागी थरथर.

"हेच," रुफिना हळूच म्हणाली.

आकडा अजून चढला. थरथर थांबली. बाण पुन्हा नीट रांगेत लागले आणि सावकाश, अगदी ठामपणे, नदीकडून वस्तीकडे सरकू लागले. बाजूला नोंदीत लिहिलेलं दिसत होतं की पाणी बाहेर जातंय.

नाउएल दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

मारियेला कोरड्या आवाजात बोलली. "सगळे बाण सारखेच आहेत. दोन चित्रांच्या मध्ये बाण पुढच्या बाणापर्यंतच्या अंतराच्या अर्ध्याहून कमी पुढे गेला तर डोळा त्याला बरोबर ओळखतो. अर्ध्याहून जास्त गेला तर जुन्या जागेच्या जवळ येतो तो मागून आलेला बाण. डोळा जवळचा तो आपला धरतो. मग पुढे गेलेली सगळी रांग मागे सरकल्यासारखी दिसते. यात बघणाऱ्याची चूक नाही. कुणालाही असंच दिसेल." तिने पडदा थांबवला. "मी एवढ्या वेगाला चालवून बघितलंच नव्हतं. एवढा वेग कुणी देईल असं मला वाटलं नाही."

"कुणालाही असंच दिसेल," इर्माने ते शब्द पुन्हा उच्चारले. "रुफिना वेग चढत असताना आली, तिला थरथर दिसली. नाउएलला शेवटपर्यंत बघावं लागलं, त्याला उलटे दिसले. दोघांनाही पाणी कुणीकडे चाललंय ते चुकीचं दिसलं, आणि दोघंही खरं बोलले. तुम्ही एकट्याने बरोबर दिशा सांगितलीत, डॉन ओविदियो. पण ती दिशा त्या वेळी या पडद्यावर नव्हतीच. या खोलीत उभं राहून ती कुणालाही दिसली नसती. तुम्ही ती नंतर नोंदीत वाचलीत आणि पडद्यावरही तसंच असणार असं धरून चाललात."

ओविदियोच्या घडी घातलेल्या हातांची पकड घट्ट झाली. "तेवढ्यावरून मी खुनी?"

"खुनी नाही म्हणत. तुम्ही इथे नव्हतात, एवढंच म्हणते. कुठे होतात ते नोर्माच्या कोरड्या गादीवरून कळतं."

बांधावरच्या माणसांची हाकाहाक खिडकीतून ऐकू येत होती.

"तिचं नाव मध्ये आणू नका," ओविदियो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तिला काही माहीत नव्हतं. मी वेग वाढवला तेव्हा पंप असा हादरायला लागला की मला वाटलं, हा जाणार. म्हटलं, पंप धरला तर ठीक. नाही धरला तर नोर्मा एकटी आहे. चुलत भावाचा ट्रक घेतला, गेलो. पटकन जाऊन येतो म्हटलं."

"आणि वस्तीला सांगितलं नाहीत."

"वस्तीला सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तू इथे काय करतोयस. आणि पंप कदाचित धरलाही असता. मग मी पळपुटा ठरलो असतो, फुकटचा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "शिवणयंत्र ट्रकमध्ये चढवत होतो तेव्हा म्हातारीने आतून हाक मारली. कोण आहे, म्हणून. मी बोललो नाही. नोर्मा बोलणार होती, मी तिला खुणेने गप्प केलं. म्हातारीने माझा आवाज ओळखला असता."

रुफिनाने हातातला पेला टेबलावर ठेवला. ती त्याला रोज स्वतःच्या हाताने भरून द्यायची, तो.

"परत आलो तर पंप बंद," ओविदियो म्हणाला. "मी इथे असतो तर पोराला म्हटलं असतं, पंपाचा आवाज ऐक, पाणी बाहेरच जातंय. कानाला कळतं ते. पण मी नव्हतो."

"आणि मग ते माझ्या डोळ्यांवर घातलंत," नाउएल जमिनीवरूनच म्हणाला.

ओविदियोने त्याच्याकडे बघितलं नाही. "तूच म्हणालास ना, मला उलटं दिसलं म्हणून. मला खरंच वाटलं तू झोपेत होतास. मी म्हटलं, चूक याचीच आहे, मी फक्त तिथे होतो एवढंच वाढवतोय."

७

पोलीस ओविदियोला घेऊन गेले तेव्हा पोती रचणाऱ्यांनी काम थांबवलं, पण कुणी काही ओरडलं नाही. ग्लादिस शाळेच्या पायरीवर उभी होती. इर्माने तिला सगळं सांगितलं, म्हातारीच्या हाकेसकट. सांगावं की नाही याचा विचार करत तिने शाळेभोवती फेऱ्या मारल्या होत्या, आणि शेवटी सांगितलं. ग्लादिस आत गेली, नोर्मासमोर जाऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. नोर्माच मग उठली, आपली गादी गुंडाळली आणि दुसऱ्या वर्गात गेली. कुंडी तिथेच राहिली.

लोंढा दुपारी पोचला.

मुख्य नव्हता. पंप जाणणारा एकच माणूस उरला होता. नगरपालिकेचा माणूस त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, चिखलाने लिहिलेल्या भिंतीसमोर, आणि म्हणाला, "ये बाबा." नाउएल आला. मारियेलाने पडद्यावरचे बाण काढून टाकले होते. रिकामा पाइप तेवढा उरला होता आणि आकडा, ज्याच्यापुढे तिने घाईघाईत 'बाहेर' आणि 'आत' असे शब्द बसवले होते.

वेग वाढवायची वेळ आली तशी नाउएलचा हात थांबला.

"बाहेर असं लिहिलंय," इर्मा म्हणाली.

"लिहिलंय."

"मग?"

"मला वाचता येतं, बाई. भरवसा येत नाहीये." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तुम्ही मला सोडवलंत, खरं आहे. पण बटण माझ्याच बोटाने दाबलं गेलं. ते कुठल्या नोंदीतून पुसायचं?"

"काय करू, ते सांग," इर्मा म्हणाली.

"पाइपाच्या तोंडाशी जा. बांधापलीकडे. फोन चालू ठेवा. आणि जे दिसेल ते सांगा, मला काय हवंय ते नको."

ती गेली. पोत्यांवरून चढून पलीकडे उतरली, तिथे दोघा माणसांनी तिला कमरेला दोर बांधून धरलं. नदी तपकिरी, जाड, झाडांच्या फांद्या घेऊन डोळ्यांसमोरून धावत होती, इतकी की बघता बघता पायाखालचा बांधच उलट दिशेने सरकतोय असं वाटू लागलं. इर्माने एका हाताने खांब घट्ट धरला आणि नजर पाइपाच्या तोंडावर रोवली.

"वाढवतोय," फोनमधून नाउएल म्हणाला.

पाण्याच्या पोटातून एक गोल, पांढरा उमाळा वर आला. मग आणखी मोठा. एक प्लास्टिकची बाटली गावातून आली, त्या उमाळ्यावर नाचली आणि नदीबरोबर निघून गेली.

"बाहेर," इर्मा म्हणाली. "पाणी बाहेर येतंय."

"नक्की?"

"एक बाटली आली. गावातली. नदीत गेली."

पंपाची घरघर वाढली, बांध पायाखाली थरथरला. धरणारी माणसं तिला मागे या म्हणत होती. तिने मानेनेच नाही म्हटलं.

"बाई?"

"इथेच आहे. बाहेर येतंय."

"सांगत राहा," नाउएल म्हणाला. "मी थांबा म्हणेपर्यंत सांगत राहा."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच जागची न हलता, भिजत, अंधारून येईपर्यंत ती तेच एक वाक्य सांगत राहिली.